बुशक्राफ्टला जाताना कोणती अवजारं न्यावीत? चाकू, करवत, कुऱ्हाड आणि त्यांचा हिशेब

बुशक्राफ्टची, म्हणजे मोजक्या अवजारांनी जंगलात मुक्काम करण्याची, हौस लागली की माणूस आधी चाकू घेतो. मग कुऱ्हाड घेतो, मग पहिल्यापेक्षा मोठा चाकू. या अवजाराने नेमकं कापायचं काय, हा प्रश्न बहुतेक वेळा खरेदीनंतर पडतो. या लेखात आपण उलट्या टोकाने सुरुवात करू. आधी लाकूड किती जाड आहे ते बघू, मग त्याला काय लागतं ते ठरवू. अवजार निवडण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

पहिली पायरी: कामं लिहा, प्रत्येकापुढे जाडी लिहा

एक कागद घ्या आणि मुक्कामी जी जी कापाकापी होणार आहे ती लिहून काढा. दोरी कापणं, भाजी चिरणं, तंबूचे खुंटे तासणं, भांडं टांगायला खाच पाडलेली काठी, ताडपत्रीचे खांब, चुलीचं सरपण, वेळ उरलाच तर एखादा चमचा कोरणं. आता प्रत्येकापुढे लाकडाची जाडी लिहा: बोटाएवढी, मनगटाएवढी की मांडीएवढी.

बोटाएवढ्या वाळक्या काटक्यांना अवजारच लागत नाही. त्या हाताने कडाकड मोडतात, आणि मोडल्या नाहीत तर त्या पुरत्या वाळलेल्याच नाहीत. मनगटाएवढी फांदी हे करवतीचं काम. मांडीएवढ्या ओंडक्याला मोठी करवत किंवा कुऱ्हाड हवी, पण इथे थांबून विचारा की तो ओंडका हवाय कशाला? दोघा-तिघांच्या स्वयंपाकाला मनगटाएवढं लाकूड पुरून उरतं. लांब वाळकी फांदी तोडायची असेल तर जवळजवळ उभ्या असलेल्या दोन मजबूत झाडांच्या मध्ये ती अडकवून टोकाला रेटा द्या, तरफेने ती मोडते. तीही नाही मोडली तर मध्यभाग आगीवर ठेवा, जळून तिचे दोन तुकडे होतात.

जाडीच्या जोडीला हवा आणि जागाही बघायला हवी. कोरड्या दिवसांत फोडलेल्या लाकडाची गरज जवळजवळ पडत नाही. सलग पाऊस झालेला असेल तर मात्र लाकूड बाहेरून ओलं आणि गाभ्यात कोरडं असतं, म्हणजे ते फोडल्याशिवाय आग धरत नाही. बर्फातल्या मुक्कामाला रात्रभर पेटणारी मोठी आग लागू शकते. दाट झुडपांच्या उष्ण जंगलात अडचण लाकडाची नसते, वाटेत आडव्या येणाऱ्या हिरव्या वेलींची असते. आणि जिथे आग लावायलाच मनाई आहे तिथे खिशातला छोटा चाकू नेला की विषय संपला.

दुसरी पायरी: स्थिर पात्याचा एक चाकू

मुख्य चाकू मिटणारा नसावा. जिथे बिजागरी असते तिथेच कमजोरी असते. जोर दिल्यावर पातं बोटांवर मिटणं ही या छंदातली जुनी आणि टाळता येणारी इजा आहे.

पात्याची लांबी ९ ते ११ सेंटीमीटर. यात खाच पाडणं, खुंटा टोकदार करणं, फेदर स्टिक (पटकन पेटावी म्हणून बारीक शेव्या काढलेली काठी) काढणं, कांदा चिरणं, सगळं बसतं. १५ सेंटीमीटरच्या पुढे गेलात की टोक हातापासून लांब जातं आणि बारीक कामावरचा ताबा सुटतो. जाडी अडीच ते चार मिलिमीटर. जाड पातं दिसायला दणकट, पण ते लाकडात पाचरीसारखं अडतं आणि भाजी चिरताना ती चिरण्याऐवजी फोडतं. तीनच्या आसपास राहिलात तर दोन्ही कामं निभतात.

आता पात्याचं पोलाद. कार्बन स्टील दगडावर चटकन धार घेतं आणि चकमकीच्या दगडावर त्याच्या पाठीने ठिणगीही पडते, पण ओलं ठेवलं तर रातोरात गंजतं. स्टेनलेसमध्ये क्रोमियम भरपूर असल्याने ते गंजाला दाद देत नाही. हल्लीच्या चांगल्या स्टेनलेसला धार लावणं काही अवघड राहिलेलं नाही. समुद्रकिनारा, पावसाळी जंगल किंवा विसराळू मालक, यांपैकी एकही गोष्ट लागू असेल तर स्टेनलेस घ्या. पोलादाच्या नावांवरून तासन्‌तास वाद घालणारी मंडळी भेटतील. नवशिक्याच्या हातात त्या दोन पोलादांमधला फरक दिसत नाही, धार लावलेल्या आणि न लावलेल्या चाकूतला मात्र लगेच दिसतो.

पात्याचा उतार हा खरा बघण्यासारखा भाग. स्कँडिनेव्हियन पद्धतीच्या पात्याला दोन्ही बाजूंना एकच रुंद सपाट उतार असतो. लाकूड तासायला तो उत्तम, आणि नवशिक्याला आणखी एक फायदा म्हणजे तो उतार दगडावर सपाट टेकवला की धारेचा कोन आपोआप जमतो, अंदाज करावा लागत नाही. पात्याची पाठ काटकोनी असेल तर तिने फेरो रॉड (ठिणग्या देणारी धातूची कांडी) घासून ठिणग्या पाडता येतात आणि साल खरवडता येते. त्यासाठी धार वापरायची गरज पडत नाही.

मुठीच्या आत पोलाद किती खोल गेलंय, म्हणजे टँग किती लांब आहे, हेही विचारून घ्या. मुठीच्या पूर्ण लांबी-रुंदीत गेलेला टँग सर्वांत भक्कम. पण अर्धवट टँगचे, ‘मोरा’ या नावाचे स्वीडिश चाकू वर्षानुवर्षं लोक वापरतात आणि साध्या कामाला ते पुरतात. त्यांतल्या कंपॅनियन नावाच्या चाकूचं पातं जेमतेम साडेदहा सेंटीमीटरचं आहे, आणि पहिला चाकू म्हणून त्याच्याकडे बोट दाखवायला मला अजिबात संकोच वाटत नाही. मूठ चारही बोटांना पुरेल एवढी लांब, बोटांसाठी खोबण्या नसलेली आणि शक्यतो भडक रंगाची असावी. खोबण्या दुसऱ्याच कोणाच्या बोटांच्या मापाने केलेल्या असतात, आणि हिरवी मूठ गवतात हरवते.

काय घेऊ नये तेही सांगून टाकतो. पाठीवर करवतीचे दाते असलेला चाकू घेऊ नका. ते दाते धड कापत नाहीत आणि पाठीवर अंगठा टेकवू देत नाहीत. पोकळ मुठीत काड्यापेटी आणि गळ भरलेला चाकूही नको, कारण मूठ पोकळ आहे याचाच अर्थ आत टँग नाही. अर्धी धार दातेरी असलेला चाकू दोरी छान कापतो, पण तासकामात सर्वांत जास्त लागणारा मुठीजवळचा भाग त्याने गमावलेला असतो.

तिसरी पायरी: मिटणारी करवत

नवशिक्यांच्या यादीत ही बहुधा नसतेच, आणि असायला हवी ती पहिल्या दोनांत. मनगटाएवढी फांदी चाकूने तोडायला घाम निघतो, कुऱ्हाडीने तोडताना ढलप्या उडतात आणि घाव चुकू शकतो. करवत तेच काम मिनिटभरात, मुकाट्याने करते. थकलेल्या संध्याकाळी याची किंमत कळते.

ओढताना कापणारी करवत घ्या. ओढताना पातं ताणलं जातं, म्हणून ते पातळ ठेवता येतं आणि कमी लाकडाचा भुसा करावा लागतो. ढकलताना कापणारं पातळ पातं वाकतं आणि कधी कधी तुटतं. पात्याची लांबी लाकडाच्या जाडीच्या निदान दुप्पट हवी, नाहीतर हात मागे-पुढे न्यायला जागाच उरत नाही. १८ ते २१ सेंटीमीटरच्या पात्याने आठ-दहा सेंटीमीटर जाडीपर्यंत आरामात जाता येतं. मोठे दाते ओल्या लाकडाला, बारीक दाते वाळलेल्या टणक लाकडाला. एकच करवत न्यायची तर मधले दाते बघा. उघडल्यावर आणि मिटल्यावर, दोन्ही वेळा खटका बसतो ना हे मात्र हातात घेऊन तपासा. पिशवीत आपोआप उघडलेली करवत झोपण्याची पिशवी फाडते, आणि आत चाचपणारा हातही.

बऱ्याच करवतींच्या दात्यांची टोकं उष्णतेने कडक केलेली असतात. ती जास्त टिकतात, पण कानशीने पुन्हा धार घेत नाहीत, बोथट झाली की पातंच बदलावं लागतं. म्हणून पातं बदलता येणारं मॉडेल बरं.

वापरताना एकच गोष्ट लक्षात ठेवा: लाकडाचा कापून वेगळा व्हायचा तुकडा मोकळा लोंबता हवा. दोन्ही टोकं टेकलेली आणि कापणं मध्यभागी चालू, असं झालं की वजनाने वरची बाजू मिटते आणि करवत चिमटीत सापडते. मग ती खेचण्यात पातं वाकतं.

करवतीला एक गोष्ट जमत नाही, ती म्हणजे फोडणं. त्यावर उपाय पुढे येतो.

चौथी पायरी: कुऱ्हाड न्यायची का, हे प्रामाणिकपणे ठरवा

पहिल्या काही खेपांना कुऱ्हाड घरीच ठेवा असं मी सांगेन. ती वाईट अवजार आहे म्हणून नव्हे. तिची चूक चाकूच्या चुकीपेक्षा फार मोठी पडते, आणि उबदार हवेतल्या एक-दोन रात्रींत तिच्यावाचून काही अडत नाही.

लोक ‘छोटी म्हणून सुरक्षित’ समजून ३०–३५ सेंटीमीटर दांड्याची हातकुऱ्हाड घेतात. हिशेब नेमका उलटा आहे. लांब दांड्याची कुऱ्हाड घाव चुकल्यावर बहुतेक वेळा समोरच्या जमिनीत जाते. आखूड दांड्याचा फेरा तुमच्या गुडघ्यापाशी किंवा नडगीवर येऊन संपतो. म्हणून हातकुऱ्हाड उभ्याने चालवायचीच नाही. गुडघे टेकून बसायचं, समोर ओंडक्याचा ठोकळा ठेवायचा आणि त्याच्या पलीकडच्या कडेवर घाव घालायचा. चुकला घाव ठोकळ्यात किंवा मातीत गेला पाहिजे.

थंडीत मोठी आग लागणारच असेल तर ४५ ते ५० सेंटीमीटर दांडा आणि ६०० ते ७०० ग्रॅमचं डोकं हा मधला मार्ग. पूर्ण कुऱ्हाड किलोभर भरते, पाठीवरच्या पिशवीत मावते आणि दोन्ही हातांनी चालवता येते. कायम एका जागी तळ असेल आणि सरपणाचा ढीगच फोडायचा असेल तर ६५–७० सेंटीमीटरची घ्या.

विकत घेताना दांड्याकडे बघा. लाकडाची रेषा डोक्यापासून टोकापर्यंत सरळ जायला हवी. टोकाकडून पाहिलं तर लाकडाच्या वाढीच्या रेघा पात्याच्या दिशेने धावत असाव्यात, आडव्या नकोत. आडव्या रेघांचा दांडा घावाच्या झटक्याने तुटतो. नेढ्यात, म्हणजे डोक्याच्या भोकात, दांडा घट्ट बसलाय का, पाचर नीट ठोकलीय का, हे प्रत्येक वेळी वापरण्याआधी हलवून बघायचं. सैल डोकं पाण्यात बुडवून फुगवायची युक्ती दिवसभर चालते. वाळल्यावर दांडा आधीपेक्षा जास्त सैल होतो, त्यामुळे घरी येऊन पाचर बदलणं चुकत नाही. कडाक्याच्या थंडीत पोलाद ठिसूळ होतं, तेव्हा पहिल्या घावाआधी धार हाताच्या किंवा अंगाच्या उबेला धरायची आणि गाठींवर घाव घालायचा नाही.

कुऱ्हाड घेतलीत तर चाकू लहान चालतो, कारण जड काम तिच्याकडे गेलं. एकोणिसाव्या शतकात ‘नेसमक’ या नावाने लिहिणारे अमेरिकन जंगलभटके जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स (१८२१–१८९०) तीन अवजारं बाळगत: एक छोटी दुधारी कुऱ्हाड, एक पातळ पात्याचा स्थिर चाकू आणि एक खिशातला. बुशक्राफ्टवाले या त्रिकुटाचा आजही हवाला देतात. त्यांच्या त्रिकुटात मिटणारी करवत नव्हती. आज ती सहज मिळते, म्हणून माझ्या मते कुऱ्हाडीची जागा तिने घ्यावी.

कोयत्याबद्दल दोन ओळी. दाट हिरवी झुडपं, बांबू, वेली असतील तिथे ३० ते ४५ सेंटीमीटर पात्याचा कोयता किंवा मशेटी कुऱ्हाडीपेक्षा कितीतरी सरस. त्याचं पातं पातळ आणि थोडं मऊ असतं, त्यामुळे वेगाने फिरतं आणि कानशीने धार घेतं. वाळक्या टणक लाकडावर मात्र ते उसळतं. आखलेल्या पायवाटेवर चालणार असाल तर तेवढं ओझं नेण्याचं कारण नाही.

पाचवी पायरी: खिशातला चाकू

हा जोडीला असावा, मुख्य चाकूच्या जागी नाही. व्हिक्टोरिनॉक्सचा स्विस आर्मी चाकू, ओपिनेलचा लाकडी मुठीचा चाकू किंवा तसंच काहीही चालेल. पाकीट फोडणं, दोरा तोडणं, काटा काढणं, खाणं कापणं ही कामं याच्याकडे द्या, म्हणजे मुख्य चाकूची धार लाकडासाठी राहते. ओपिनेल घेतलात तर पातं अडवणारी कडी फिरवण्याची सवय लावा. आठ नंबरचं त्याचं पातं साडेआठ सेंटीमीटरचं, स्वयंपाकाला एकदम बेताचं. मल्टीटूल आवडत असेल तर तो पक्कडीसाठी घ्या. त्यातल्या पात्यासाठी वेगळं वजन वाहू नका.

वजनाचा हिशेब इथे करून बघा. म्यानासकट साधा स्थिर चाकू सव्वाशे ग्रॅमच्या आत, मिटणारी करवत दोनशेच्या आसपास, खिशातला शंभराच्या आत. म्हणजे सारा संच अर्ध्या किलोच्या आत बसला. त्यात मधली कुऱ्हाड घातली की तो तिपटीच्या आसपास जातो.

सहावी पायरी: धार लावायला शिका, तीही निघण्याआधी

बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोराने निसटलेला चाकू कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. घरी दोन बाजूंचा एक धारेचा दगड पुरे. एक बाजू ४०० ग्रिटच्या आसपास (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), धारेला खड्डे पडले तरच वापरायची. दुसरी १०००, ती नेहमीची. उतार दगडावर सपाट ठेवा आणि दगडाचा पातळ पापुद्रा कापतोय अशा हालचालीने पुढे न्या. एका बाजूने पुरेसं घासलं की धारेच्या दुसऱ्या बाजूला धातूची बारीक कोर बोटाला जाणवते. मुठीपासून टोकापर्यंत ती आली की बाजू बदला. शेवटी हलक्या हाताने आलटून पालटून घासा, आणि चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे ओढत वीसेक फेरे मारा. धार पुढे ढकललीत तर पट्टाच कापला जाईल.

तपासायला बोट लावू नका. धार दिव्याकडे करून बघा. बोथट जागा पांढऱ्या रेघेसारखी चमकते, धारदार जागेवरून उजेड परत येत नाही. मुक्कामी नेताना छोटा डायमंड कार्ड (हिऱ्याच्या भुकटीचा थर असलेली धारेची पट्टी) आणि चामड्याची पट्टी एवढं बास.

सातवी पायरी: नेणं आणि नियम

प्रत्येक धारेला म्यान हवं, कुऱ्हाडीलासुद्धा. चाकूचं म्यान उलटं धरून झटका दिला तरी चाकू बाहेर पडता कामा नये. कार्बन स्टीलचा चाकू चामड्याच्या म्यानात महिनोन्‌महिने ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

विमानात ही अवजारं फक्त चेक-इन सामानात, म्यानात आणि गुंडाळून. चाकू बाळगण्याचे कायदे देशागणिक बदलतात, आणि बदलतात ते विचित्र तपशिलांवर: पात्याची लांबी, ते खटक्याने अडतं का, जवळ बाळगायला पटेल असं कारण आहे का. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा, खटक्याने न अडणारा मिटणारा चाकू कारणाविना जवळ ठेवता येतो. त्याहून लांब पात्याला, खटका असलेल्याला किंवा स्थिर पात्याला योग्य कारण द्यावं लागतं. जिथे जाणार तिथला नियम आधी वाचा आणि वाटेत अवजारं पिशवीच्या तळाशी ठेवा. जंगलाचेही नियम असतात: पुष्कळ संरक्षित भागांत पडलेलं लाकूड उचलायलाही परवानगी लागते, आणि परवानगी असली तरी जिवंत झाडाला हात लावायचं कारण नसतं. ओलं लाकूड जळतही नाही.

आठवी पायरी: हात बसेपर्यंत सराव

चाकू उघडण्याआधी हात लांब करून स्वतःभोवती एक फेरा मारा. त्या वर्तुळात कोणी असेल तर काम थांबवा. बसून तासताना कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि चाकू गुडघ्यांच्या बाहेर चालवा. मांड्यांच्या मध्ये कधीही नाही, कारण मांडीच्या आतल्या बाजूला शरीरातली एक मोठी धमनी जाते आणि ती कापली तर काही मिनिटांत जिवावर बेततं. चाकू हातात नसेल तेव्हा तो म्यानात असतो. गवतावर नाही, ओंडक्यात रोवलेला नाही. दुसऱ्याला देताना त्याने मूठ घट्ट धरली आणि तसं तोंडाने सांगितलं की मगच सोडायचा. अंधार पडला, थकवा आला, की धारेची कामं बंद.

आता फोडण्याचा उपाय. करवतीने मनगटाएवढ्या लाकडाचा वीतभर तुकडा कापा. सरळ रेषेचा आणि गाठ नसलेला निवडा. तो उभा करा, चाकूची धार वरच्या तोंडावर ठेवा आणि पाठीवर लाकडी मोगरीने ठोका. पात्याचं टोक पलीकडून तीन-चार सेंटीमीटर बाहेर राहील एवढंच लाकूड घ्या, म्हणजे पातं आत बुडाल्यावर टोकावर ठोकता येतं. मूठ खाली दाबू नका. चीर पडली की चाकू काढून घ्या आणि तासून केलेली लाकडी पाचर चिरेत ठोका, बाकीचं काम ती करते. चाकूवर याहून जास्त मार पडू देऊ नये असं माझं मत आहे. गाठीत अडकून पातं तुटलं तर उरलेल्या मुक्कामात चाकू नाही.

प्रथमोपचाराच्या पेटीत दाबपट्टी आणि जाड गॉज असू द्या. जखमेवर थेट, न सोडता दाब देणं हा पहिला उपाय. टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायाभोवती आवळायचा पट्टा) न्यायचा तर तो बांधायला कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या.

परतल्यावर पात्यावरचा डिंक स्पिरिटने पुसा, अवजारं कोरडी करा, कार्बन स्टीलला पातळसा तेलाचा हात द्या. खाणंही त्याच चाकूने कापत असाल तर खायचं तेल वापरा. कुऱ्हाडीच्या दांड्याला अधूनमधून जवसाचं तेल चोळलं की तो सुकून तडकत नाही. फक्त तेल लावलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि दाबून ठेवलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.